झडपांचं वेळापत्रक आणि पी००११

या वीकेंडचा विषय गाडीचं इंजिन. पण सुरुवात वाफेच्या इंजिनापासून करतो. कंटाळू नका, गाडीपर्यंत येतोच.

१८४२ साली इंग्लंडात रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात विल्यम हाऊ नावाच्या कामगाराच्या डोक्यातून एक वाकडा दांडा निघाला. १८४४ साली बेल्जियममध्ये एगिड वॉलशार्ट्सने त्याच कामासाठी स्वतःची वेगळी रचना केली. काम एकच: सिलिंडरमध्ये वाफ सोडणारी झडप कधी उघडायची आणि कधी मिटायची, हे गाडी चालू असताना बदलता आलं पाहिजे. गाडी जागची हलवताना झडप जास्त वेळ उघडी ठेवायची. एकदा वेग आला की ड्रायव्हर दांडा मागे घेणार, झडप लवकर मिटणार, आणि आत कोंडलेली वाफ फुगत फुगत पिस्टन ढकलणार. कोळसा वाचतो, पाणी वाचतं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हा ही कल्पना दहा-अकरा वर्षं जुनी झाली होती.

म्हणजे 'व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग' हे बोनेटवर मिरवायचं नवीन बिरुद अजिबात नाही. वाफेच्या ड्रायव्हरच्या हातात ते रोज होतं. फरक एवढाच की बिघडलं तर त्यालाच आधी कळायचं. धुरांड्याचे भुस्स-भुस्स ठोके सारख्या अंतराने पडेनासे झाले, की एखाद्या बाजूची झडप चुकतेय. स्कॅनर म्हणजे त्याचा कान!

पेट्रोलच्या इंजिनाने मात्र हे वैभव घालवलं. इंजिन दोनदा फिरलं की कॅमशाफ्ट एकदा फिरते आणि तिच्यावरचे उंचवटे झडपा दाबतात. उंचवटा लोखंडात घडवलेला, एकदा ठरलं ते ठरलं. आता गंमत बघा. मिनिटाला ६००० फेऱ्या होत असताना आत शिरणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो, म्हणून पिस्टन वर यायला लागला तरी इनटेकची झडप थोडा वेळ उघडी ठेवणं फायद्याचं. पण तेच ७०० फेऱ्यांवर केलं तर घेतलेली हवा परत बाहेर. तसंच दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याचा काळ वेगात उपयोगी आणि सिग्नलला उभं असताना त्रासदायक, इंजिन थरथरतं. म्हणून कितीतरी वर्षं सगळ्यांनी मधला मार्ग काढला. ना इकडचा, ना तिकडचा.

ही तडजोड रस्त्यावरच्या गाडीत पहिल्यांदा मोडली ती अल्फा रोमिओने, १९८० च्या स्पायडरमध्ये. कल्पना जांपाओलो गार्चेआ या इंजिनिअरची. कारण शर्यतीचं नव्हतं हो, अमेरिकेतल्या धुराच्या नियमांचं होतं. कॅमशाफ्टच्या टोकाला तिरक्या दात्यांचा एक तुकडा, त्याच्यामागे ऑइलचा दाब. दाब आला की तुकडा सरकतो, आणि दाते तिरके असल्यामुळे सरकता सरकता कॅमला थोडं पुढे फिरवतो.

इथे एक मोठी गोष्ट झाली, जी तेव्हा कुणाला फार जाणवली नसेल. ऑइलचं काम तोपर्यंत मुख्यतः घर्षण कमी करणं, थोडं थंड ठेवणं आणि घाण वाहून नेणं. आता ते निरोप्या झालं. वरून आलेला हुकूम कॅमपर्यंत तेच पोचवणार. आणि निरोप्याच आजारी पडला तर?

पुढचा इतिहास पटापट सांगतो. १९८९ साली होंडाने इंटेग्रात व्हीटेक आणलं. इंजिनिअर इकुओ काजितानी. कमी वेगाचे उंचवटे वेगळे, जास्त वेगाचा वेगळा, आणि ऑइलच्या दाबाने आतली पिन सरकली की कारभार एकाकडून दुसऱ्याकडे. १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती, म्हणजे लिटरला शंभर! १९९२ ला बीएमडब्ल्यूचं व्हॅनोस आलं. मग टोयोटाचं व्हीव्हीटी-आय. रचना वेगवेगळ्या, पण निरोप्या सगळीकडे तोच.

त्यामुळे जुन्या गाड्यांची दुखणीही एकाच घराण्यातली. जुन्या व्हॅनोसमध्ये रबरी सील कडक होऊन ऑइल झिरपतं आणि खालच्या वेगात गाडी ओढत नाही. अल्फाच्या ट्विन स्पार्क इंजिनांत तो सरकता तुकडा झिजला की इंजिन डिझेलसारखं खडखडतं. पाकळ्यांच्या फेझरमध्ये ऑइलचा दाब येईपर्यंत कॅमला धरून ठेवणारी पिन झिजली, तर सकाळी सेल्फ मारल्यावर एक-दोन सेकंद 'खर्रर्र' होतं आणि थांबतं.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं आणि निदान कानाकडून कोडकडे गेलं. पी००११ म्हणजे इनटेकचा कॅम हवा त्यापेक्षा पुढे. पी०००१६ नव्हे, पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा आपसात मेळ नाही, इथे चेनवर संशय घ्यावा. (शून्यं मोजताना मीही चुकतो.) आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच भावतं. पण स्टॅक ट्रेस वाचलेल्या माणसाला हेही माहीत असतं की प्रोग्राम जिथे पडला तिथेच चूक असते असं नाही. कोड फक्त एवढंच सांगतो की कॉम्प्युटरने कॅमला एका कोनात जायला सांगितलं आणि कॅम तिथे नाही. का नाही, हे त्याला ठाऊक नाही.

हे ज्ञान मला होतंच, असं सांगायला आवडलं असतं. पण झालं असं...

२०२४ मध्ये आमच्या २००९ च्या गाडीला पंधरा वर्षं झाली. आरटीओत नोंदणी नव्याने करायची, आणि नेमकी तेव्हाच गाडी सिग्नलला थरथरून बंद पडायला लागली. एका चकाचक गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी००११ आला. निदान: चेन आणि फेझर दोन्ही बदला, इंजिन उघडावं लागेल. आकडा ऐकून गाडी भंगारात काढायचा विचार पक्का झाला. त्या संतापात वर्षानुवर्षं गाडी बघणाऱ्या मेस्त्रींना फोन करून नको ते बोललो. तुम्ही हलकं ऑइल भरलंत, म्हणून हे झालं, वगैरे.

ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी बोनेट उघडून माझा स्टिकर वाचा."

स्टिकरवर त्यांच्या अक्षरात पुढच्या ऑइलचं किलोमीटर लिहिलं होतं. गाडी त्याच्या नऊ हजार किलोमीटर पुढे गेली होती. कोविडनंतर मी त्यांच्याकडे फिरकलोच नव्हतो. डिपस्टिक काढली, तिच्यावर डांबर!

रविवारी ते स्वतः आले. चाचणी साधी आहे आणि मला फार आवडली. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवायचं, कॅमला ऑइल सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा प्लग काढायचा आणि त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर द्यायचे. सगळं ठीक असेल तर कॅम पुढे सरकतो आणि इंजिन गचके खाऊन जवळजवळ बंद पडतं. म्हणजे बंद पडणं ही पास झाल्याची खूण! आमचं इंजिन होतं तसंच थरथरत राहिलं, काही फरक नाही. मल्टीमीटरवर व्हॉल्व्हची कॉइल सुमारे ७ ओहम, म्हणजे वीज शाबूत. मग एक बोल्ट काढून व्हॉल्व्ह बाहेर घेतला. आतली सरकदांडी काळ्या चिकट्याने उघड्या जागीच अडकलेली. क्लीनरने धुतली, १२ व्होल्ट दिले, 'टक्' वाजली. परत बसवून तीच चाचणी केली, आणि इंजिन धाडकन बंद. एवढ्या आनंदाने बंद पडलेली गाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

ऑइल आणि फिल्टर बदलला. हजार किलोमीटरनंतर ते ऑइलही काढून पुन्हा नवीन भरलं, उरलेली घाण निघावी म्हणून. कोड परत आला नाही आणि नोंदणीही झाली.

दीडशे वर्षांहून जास्त काळात झडपांचा कारभार ड्रायव्हरच्या हातातून कॉम्प्युटरकडे गेला. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाफेच्या ड्रायव्हरला इंजिन बिघडलं तर आधी स्वतःचा दांडा कुठे आहे ते बघावं लागायचं. माझा दांडा बोनेटखालच्या स्टिकरवर होता, आणि मी दुसऱ्याचा हात धरायला धावलो.

मेस्त्रींची माफी मागितली. ते "असू द्या हो" म्हणाले, आणि नवीन स्टिकर मला दिसेल असा, स्टिअरिंगच्या बाजूला चिकटवून गेले.