केकताडाचा वाख आणि वाखाचा भाव

ऑनलाइन खरेदीच्या कुठल्याही अ‍ॅपवर ‘सिसल’ असा शब्द टाकून बघा. मांजराला नखं घासायला दोर गुंडाळलेला खांब दिसेल, डार्टबोर्ड दिसेल, अंग घासायची जाळी दिसेल, ‘इको-फ्रेंडली’ असं लिहिलेले गालिचे दिसतील. फोटो मोठा करून दोराचे धागे दाखवले, तर आमच्या मंगळवेढ्याकडचा कुणीही म्हातारा माणूस विचारील, “हा वाखच की रे?” वाखच आहे. म्हणजे अगदी तोच नाही, पण भाऊबंद आहे.

वाख म्हणजे केकताडाच्या पानातला धागा. केकताडाला पुण्याकडे घायपात म्हणतात. बांधावर, माळावर, ओढ्याच्या काठाला तलवारीसारखी मांसल पानं उभी असतात, टोकाला काळा टोचरा काटा. अगावे नावाच्या कुळात याच्या पुष्कळ जाती आहेत. जगाच्या बाजारात गाजली ती अगावे सिसलाना. तिच्या पानाच्या कडा बहुतेक गुळगुळीत असतात. आपल्या बांधांवर कडेलाही काटे असलेल्या जाती जास्त दिसतात. त्यातल्या एकीचा धागा साहेबाच्या व्यापारात ‘बॉम्बे अ‍ॅलो’ या नावानं ओळखला जायचा. टकीला ज्यापासून करतात तेही याच कुळातलं झाड, पण तो विषय आपल्या गावगाड्यात बसत नाही.

वाख काढणं हे घाण आणि कष्टाचं काम. पानं कापायची, काटे तासायचे, गठ्ठे बांधून पाण्यात बुडवून ठेवायचे. आठ-दहा दिवसांत गर कुजतो आणि त्याचा वास लांबपर्यंत जातो. मग पान दगडावर बडवायचं, गर निघेपर्यंत धुवायचं, आणि उरलेले पांढुरके धागे उन्हात वाळवायचे. रस अंगाला लागला की आग होते, खाज सुटते. एवढं करून हाती काय लागतं? सिसलच्या पानात धागा वजनाच्या जेमतेम तीन ते पाच टक्के असतो. शंभर किलो पानं उचला, कापा, बडवा, धुवा, तेव्हा चार किलोच्या आसपास धागा. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर उभा आहे. उरलेले पंच्याण्णव टक्के कुणीतरी पाठीवर वाहून आणायचे आणि फेकून द्यायचे असतात.

हे काम आमच्या भागात मातंग समाजाकडे होतं. कधीपासून, याचं गमतीशीर उत्तर असं, की केकताडाच्याही आधीपासून. अगावे हे मूळ अमेरिका खंडातलं झाड. मिरची, बटाट्यासारखंच १४९२ नंतर ते युरोपीय जहाजांतून जगभर पसरलं. परंपरेप्रमाणे मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना कूस कोसळून चोखोबा गेले ते १३३८ साली. म्हणजे चोखोबांनी या गावात केकताड पाहिलेलं असणं शक्य नाही. तेव्हाचे दोर अंबाडीचे, तागाचे. पुढे हे परदेशी झाड आलं, शेतांना आणि नंतर रेल्वेच्या रुळांनाही कुंपण म्हणून लागलं. दोर वळणाऱ्या हातांना नवा कच्चा माल मिळाला, पण हात तेच राहिले. जातीनं ठरवून दिलेलं काम कच्चा माल बदलल्यानं बदलत नाही.

आणि दोर किती लागायचा! बैलाची वेसण, म्होरकी, दावं, कासरा, जुवाला बांधायच्या जुंपण्या. मोटेला दोन दोर, वरचा जाड नाडा आणि खालचा सोंदूर. घरात दूधदुभत्याचं शिंकं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला गोफण, आणि मंगळवेढा म्हणजे ज्वारीचंच नाव (२०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं). बेंदराला बैल सजवायचे तर नवी दावी, नवे कासरे हवेतच. बैलावर चालणारी शेती म्हणजे एका अर्थानं दोरावर चालणारी शेती होती.

या सगळ्या दोराची किंमत काय होती? किंमत नव्हतीच. दोर बलुत्यात होता. वर्षभर गावाला दोर पुरवायचा आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. किती धान्य, ते देणाऱ्याच्या हातात. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुत्याची ही यंत्रणा तपशिलानं आहे, तीही वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेनं. माझं घर शेतकऱ्याचं, म्हणजे दोर घेणाऱ्या बाजूचं. ‘पूर्वी सगळे गुण्यागोविंदानं राहायचे, पैशाचा व्यवहारच नव्हता’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. दोर देणाऱ्या बाजूनं तेच वाक्य वेगळं ऐकू येतं. पैशाचा व्यवहार नाही म्हणजे भाव मागायची सोय नाही.

त्याच काळात याच कुळातल्या पानाला मोठा भाव आला होता, पण तो समुद्रापलीकडे. मेक्सिकोच्या युकातान प्रांतातले माया लोक शेकडो वर्षं या धाग्याचे दोर आणि झोळ्या करत आले होते. तिथल्या जातीला हेनेकेन म्हणतात. माल ‘सिसल’ नावाच्या छोट्या बंदरातून जायचा आणि तेच नाव धाग्याला चिकटलं. खरा स्फोट झाला तो एका यंत्रामुळे. १८७८च्या सुमारास अमेरिकेत जॉन अ‍ॅपलबीनं गव्हाची पेंढी आपोआप सुतळीनं बांधून गाठ मारणारी यंत्रणा जमवली. लाखो एकर गहू, प्रत्येक पेंढीला सुतळी. युकातानची राजधानी मेरिदा इथे हवेल्या उठल्या. १९०२ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर ही यंत्रं बनवणारी अवाढव्य कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिनं तिथला बडा व्यापारी ओलेगारिओ मोलिना याच्या पेढीशी करार करून धाग्याचा भाव खाली दाबला. मळ्यांवर पानं कापणारे माया मजूर कर्जात बांधलेले होते. कर्ज फिटेपर्यंत मळा सोडता येत नसे, आणि कर्ज फिटत नसे. उत्तरेतल्या बंडखोर याकी लोकांना पकडून, हजारो किलोमीटर लांब आणून याच मळ्यांवर जुंपलं गेलं.

मक्तेदारी टिकवायला युकातानचे मळेवाले रोपं बाहेर जाऊ देत नसत. पण फ्लोरिडात काही झाडं आधीच पोचली होती. १८९३ साली रिचर्ड हिन्डॉर्फ या जर्मन शेतीतज्ज्ञानं तिथून हजार रोपं मागवली. ती हँबुर्गमार्गे पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरात उतरली, तेव्हा फक्त ६२ जगली होती. त्या बासष्टांपासून टांगानिकाचे, म्हणजे आजच्या टांझानियाचे सिसल-मळे वाढले. १९६०च्या दशकात ते जगात पहिल्या क्रमांकावर होते, वर्षाला दोन लाख टनांच्या वर. मळेवाले युरोपीय, ग्रीक आणि आपल्याकडचेही. करीमजी जीवनजी हे मूळ कच्छी घराणं त्यातलं मोठं नाव. लांबून करारावर आणलेल्या मजुरांना स्वाहिलीत ‘मनांबा’ म्हणत. हा शब्द इंग्रजी ‘नंबर’वरून आला. माणसाला नावाऐवजी आकडा. आम्ही कोडमध्ये युजरला आयडी देतो, त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा जरा थबकलो.

युकातानमध्ये कर्ज, टांगात आकडा, मंगळवेढ्यात जात. पान सगळीकडे सारखंच जड, आणि पंच्याण्णव टक्के ओझं वाहणाऱ्याला उरलेल्या पाचातला वाटा ठरवता येत नाही, हेही सारखंच. फरक एवढाच, की पहिल्या दोन ठिकाणी निदान भाव नावाची गोष्ट होती. तो चढला-पडला की वर्तमानपत्रात यायचा, त्यावरून सरकारं हलायची. आमच्याकडे वाखाचा धंदा बसला तेव्हा त्याची नोंद घ्यायला भावच नव्हता.

तो बसला कशानं? १९५४ साली इटलीत ज्युलिओ नात्तानं पॉलिप्रॉपिलीन तयार केलं. दहा-पंधरा वर्षांत त्याचे दोर स्वस्त झाले. ते कुजत नाहीत, पाण्यात फुगत नाहीत, हाताला टोचत नाहीत. टांझानियात ज्युलियस न्येरेरेंनी १९६७ साली बरेचसे सिसल-मळे सरकारी केले, तेव्हा भाव आधीच कोसळत होता. पुढे उत्पादन इतकं आटलं की मळ्यांत रान माजलं. महाराष्ट्रात १९७६ साली गरवारे-वॉल रोप्स ही कृत्रिम दोरांची कंपनी उभी राहिली, आज तिचे कारखाने पुण्यात आणि वाईला आहेत. पण आमच्याकडे नायलॉनच्या दोराहून मोठा घाव इंजिनानं घातला. मोटेच्या जागी पंप आला, नाडा-सोंदूर गेले. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, कासरा गेला. दावं उरलं, तेही म्हशीपुरतं, आणि ते आठवडी बाजारात रंगीत मिळायला लागलं.

‘लोप पावत चाललेली कला’ असे लेख वाचताना मला अवघडायला होतं. दोर वळण्यात कौशल्य आहे, यात वाद नाही. प्रत्येक पदराला एका दिशेनं पीळ द्यायचा आणि तीन पदर एकत्र वळताना उलट दिशेनं. दोन्ही पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत, म्हणून दोर टिकतो. बोटांना कळलेलं हे भौतिकशास्त्र आहे. पण ही कला कुणी निवडली नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं ते १९२८ साली. कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ उजाडलं. वतनाच्या तुकड्यापायी आणि मूठभर धान्यापायी माणूस गावाचा बांधील राहतो, हा त्यांचा मुद्दा बलुत्यातल्या दोरालाही लागू होता. एखाद्या मुलानं वाख बडवायचं सोडून पुण्याची बस धरली असेल, तर त्यात मला कलेचा ऱ्हास दिसत नाही. मात्र त्याच्या बापाचा हात रिकामा झाला, तेव्हा त्याला जमीनही नव्हती आणि भरपाईही नव्हती, हे त्या लेखांत क्वचितच येतं.

आज सर्वांत जास्त सिसल ब्राझीलच्या बाहिया प्रांतात होतं, आपल्या माणदेशासारख्याच कोरड्या मुलखात. तिथे पानं हातानं यंत्रात सारायची जुनी पद्धत अजून आहे आणि त्यात बोटं, हात गमावलेल्या मजुरांची गावंच्या गावं आहेत. ‘इको-फ्रेंडली’ गालिच्याच्या माहितीत हे नसतं. भारतात ओडिशातल्या बामरा इथे सिसलचं सरकारी संशोधन केंद्र आहे. बेळगाव-इचलकरंजीच्या सीमाभागात अजून दोर वळणारी मातंग कुटुंबं आहेत. ती केकताड सोडून कापसाच्या सुतावर आली आहेत. ते सूत इचलकरंजीहून विकत आणावं लागतं, रोख पैशानं. बेंदराच्या आधी दोर घेऊन ती बाजारात बसतात. जोडी कितीला, म्हणून गिऱ्हाईक विचारतं, आणि घासाघीस सुरू होते.