रजा नसलेला कवी

कविता करायला निवांतपणा लागतो, असे मी गेली वीस वर्षे घरी सांगत आलो आहे. दिवसभर बँकेत दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज केल्यावर यमक कुठून सुचणार? परवा सौ. म्हणाली, "अहो, संभाजीराजांची किरकोळ रजा कुणी मंजूर केली होती?"

मी गप्प. नवव्या वर्षी आग्र्याची नजरकैद, पुढे नऊ वर्षांचे राज्य आणि तेही सारे लढण्यात. एकतिसाव्या वर्षी मृत्यू. एवढ्यात कधीतरी या माणसाने संस्कृतात 'बुधभूषण' लिहिले, ब्रज भाषेत 'नायिकाभेद' लिहिला.

राजाने कविता करणे तसे नवे नाही. फरगण्याहून आलेला बाबरही तुर्कीत कविता करी. त्याच्याच पाचव्या पिढीतल्या औरंगजेबाने ११ मार्च १६८९ रोजी संभाजीराजांना मारले, बरोबर त्यांचा स्नेही कवी कलश यालाही. ते हाल आपल्याला पाठ आहेत. श्लोक किती जणांना येतात? मला एकही नाही. 'बुधभूषण' पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापले १९२६ साली, म्हणजे २३७ वर्षांनी. इतकी वर्षे कुणी हात न लावलेल्या खात्याला आम्ही निष्क्रिय खाते म्हणतो. ठेव मात्र बुडत नाही.

आमच्या आळंदीच्या घाटावरून गेलेली इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते. पण मार्च म्हणजे बँकेची वर्षअखेर, त्यामुळे अकरा तारखेला तिथे जाणे कधी जमले नव्हते. यंदा गेलो. संगमावर बराच वेळ उभा राहिलो. मग खिशातल्या व्हाउचरच्या पाठकोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहिल्या.

यमक जुळलेले नाही. सौ.ला अजून दाखवलेल्या नाहीत.