शेल स्क्रिप्टद्वारे जीपीआयओ पिनांचे नियंत्रण (लिनक्स)

लिनक्सवर चालणाऱ्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाच्या जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट) पिना शेलच्या आज्ञांनी चालू-बंद करण्याची व त्यांची स्थिती वाचण्याची पद्धत. उपकरणही फाइलीसारखेच हाताळायचे, ही युनिक्सची जुनी धारणा तिच्या मुळाशी आहे. २००८ मध्ये आलेल्या २.६.२७ या कर्नलपासून सिसएफएस या कर्नलच्या आभासी फाइलप्रणालीत यासाठी सोय झाली. ‘एक्स्पोर्ट’ फाइलीत पिनेचा क्रमांक लिहिला की तिची वेगळी डिरेक्टरी तयार होते. तीतल्या ‘डायरेक्शन’मध्ये दिशा आणि ‘व्हॅल्यू’मध्ये ० किंवा १ लिहायचा. ‘इको’ आणि ‘कॅट’ या दोन आज्ञांवर काम भागत असल्याने ही पद्धत झपाट्याने रुळली.

हा सोपेपणा पिनेला कोणी मालक नसण्यावर उभा होता. स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तरी पिन शेवटच्या स्थितीतच राहते, म्हणजे सुरू झालेला पंप सुरूच राहतो. परवानगी असलेला दुसरा कोणताही प्रोग्रॅम तीच पिन बदलू शकतो. क्रमांकही स्थिर नाहीत: रास्पबेरी पायच्या ६.६ कर्नलमध्ये मोजणी ५१२ पासून सुरू झाली, १७ क्रमांकाची पिन ५२९ झाली आणि जुन्या स्क्रिप्ट अडल्या. दिशा ‘आउट’ लिहिताच पिन आधी ० होते, हा बारकावाही महत्त्वाचा आहे. शून्यावर चालू होणारा रिले त्यामुळे क्षणभर खेचला जातो. तेथे ‘डायरेक्शन’मध्ये थेट ‘हाय’ लिहावे.

२०१६ च्या ४.८ कर्नलने कॅरॅक्टर डिव्हाइसची, म्हणजे उपकरणाची फाइल उघडून पिन मागण्याची, पद्धत आणली. लिबजीपीआयओडी या लायब्ररीच्या ‘जीपीआयओसेट’, ‘जीपीआयओगेट’, ‘जीपीआयओमॉन’ या आज्ञा तिच्यावर चालतात. येथे पिन ज्या प्रोसेसने मागितली तिचीच असते. यावर आक्षेप असा, की शेलची सहजता गेली: आवृत्ती २ मधील ‘जीपीआयओसेट’ पिन धरून चालूच राहते, तिला पार्श्वभूमीत ठेवून शेलच्या ‘ट्रॅप’ या आज्ञेने आवरावे लागते. आक्षेप खरा आहे, पण निर्णायक नाही. पिनेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आधीही होता. तो फक्त दिसत नव्हता. शिवाय वाचनात नवी पद्धतच शेलला अधिक जुळते. सिसएफएसमध्ये बदलाची वाट पाहण्यासाठी ‘पोल’ हा सिस्टीम कॉल लागतो आणि तो शेलजवळ नाही. मग ‘स्लीप’ घालून पुन्हापुन्हा वाचत राहायचे आणि मधल्या काळात दाबून सोडलेले बटण निसटायचे. ‘जीपीआयओमॉन’ प्रत्येक बदलाची ओळ छापते, ती ‘व्हाइल रीड’ने सरळ वाचता येते. मात्र पिन सोडल्यावर तिची स्थिती काय राहील याची हमी ही पद्धतही देत नाही; हीटर वा पंप जोडताना सुरक्षित स्थिती रेझिस्टर लावून सर्किटमध्येच ठरवावी.

वेग : बाहेरची प्रत्येक आज्ञा नवी प्रोसेस सुरू करते, त्यामुळे सर्व्हो मोटरसारख्या अचूक स्पंदांच्या कामाला शेल अयोग्य.

व्होल्टेज : रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्ट थेट जोडू नयेत.