कशाच्या बदल्यात?

प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी अगदी निर्धास्तपणे लिहिलं होतं : 'प्लास्टिक जाळण्यापेक्षा रिसायकल करणं पर्यावरणासाठी चांगलं.' गाइडनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले, 'कशाच्या बदल्यात?' उत्तर शोधता शोधता मी 1990च्या दशकातल्या जर्मनीत जाऊन पोचलो.

1991 साली जर्मनीने पॅकेजिंगचा कचरा परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यांवर टाकली. प्लास्टिकचा ठरावीक हिस्सा रिसायकल व्हायलाच हवा. जाळून वीज केली तर तो हिशेबात धरला जात नव्हता. लोकांनी पिवळ्या पिशव्या भरभरून दिल्या, पण एवढा मिश्र माल वितळवून वापरण्याची क्षमता होती कुठे? बराचसा परदेशी गेला, त्यावरून बदनामी झाली. मग वेगळे मार्ग निघाले. बॉट्रॉपला कोळशापासून तेल काढण्याच्या प्रकल्पात प्लास्टिकचं तेल होऊ लागलं. श्वार्झ पंपला त्याचा वायू आणि वायूपासून मिथेनॉल. ब्रेमेनच्या पोलाद कारखान्यात तर ब्लास्ट फर्नेसमध्ये जड तेलाऐवजी प्लास्टिकच फुंकलं जाऊ लागलं. तिथे त्यातला कार्बन आणि हायड्रोजन लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून घेतात. मग हे रिसायकलिंग की जाळणं? कायद्याने रिसायकलिंग मानलं. पर्यावरणवाद्यांना ते पटेना.

तुलनेचं हत्यार मात्र तयार होतं : जीवनचक्र मूल्यांकन, म्हणजे आपलं एलसीए. (त्याची सुरुवात 1969 मध्ये कोका-कोलाने करून घेतलेल्या बाटल्यांच्या अभ्यासापासून सांगतात. तो अभ्यास पूर्ण स्वरूपात कधी प्रसिद्धच झाला नाही!) जर्मनीतले असे अभ्यास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रिसायकल केलेल्या दाण्यांनी जवळपास तेवढंच नवं प्लास्टिक वाचवलं, तर यांत्रिक रिसायकलिंग पुढे. त्याच मिश्र प्लास्टिकचे जाडजूड खांब करून लाकूड किंवा काँक्रीट वाचवलं, तर ब्लास्ट फर्नेसही पुढे जाते.

हवं तर स्वतः करून बघा. 1 किलो पॉलिथिलीन जाळलं की 3.14 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हे साधं रसायनशास्त्र. त्यात साधारण 43 मेगाज्यूल ऊर्जा असते. कार्यक्षमता 20 टक्के धरली तर सुमारे 2.4 युनिट वीज मिळते. ही वीज दर युनिटला 1 किलो कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या कोळशाच्या विजेची जागा घेत असेल, तर 2.4 किलो वजा, निव्वळ 0.7 उरतो. पवनऊर्जेची जागा घेत असेल तर वजा करायला जवळजवळ काहीच नाही. प्लास्टिक तेच, भट्टी तीच!

1998 मध्ये जर्मनीने नियम बदलला : प्लास्टिक पॅकेजिंगपैकी 60 टक्क्यांचा पुनर्वापर किंवा ऊर्जावापर, आणि त्यातलं 60 टक्के यांत्रिक रिसायकलिंगनेच. म्हणजे एकूण 36 टक्के. हा आकडा एलसीएच्या कोष्टकातून थेट निघत नाही, तो वाटाघाटीचा आकडा वाटतो. आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही.

माझ्या कोष्टकात आता प्रत्येक पद्धतीपुढे 'कशाची जागा घेतली' असा एक रकाना आहे. तो भरायला जुन्या सगळ्या गणितांपेक्षा जास्त वेळ लागला. मसुद्यातलं ते वाक्य मी खोडलंय.