सुश्रुतसंहितेतील संधी आणि स्नायू
प्राचीन भारतीय वैद्यकात सांध्यांचा सर्वांत तपशीलवार विचार सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आढळतो. तेथे हाडे ३०० आणि संधी २१० सांगितले असून, त्यांपैकी ६८ हातापायांत, ५९ धडात आणि ८३ मानेत व तिच्या वर मोजले आहेत. या संधींचे आकारावरून आठ प्रकार केले आहेत : गुडघा, कोपर, मनगट यांचा बिजागरीसारखा ‘कोर’, खांदा व जांघ यांचा उखळीसारखा ‘उदूखल’, कवटीच्या हाडांचा शिवणीसारखा ‘तुन्नसेवनी’ इत्यादी.

हाडांना बांधून ठेवणाऱ्या तंतुमय बंधांना, ज्यांत आजचे अस्थिबंध व कंडरा येतात, संहिता ‘स्नायू’ म्हणते आणि त्यांची संख्या ९०० देते. हे ज्ञान केवळ तर्काचे नव्हते. मृतदेह मुंज, कुश किंवा तागाने गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, नदीच्या पाण्यात आडोशाला कुजवावा आणि सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतला एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असा विधी तिने घालून दिला आहे. पाण्यात मऊ मांस आधी सुटते, चिवट बंध मागे राहतात. म्हणूनच या पद्धतीत सांध्यांचे बंध नीट दिसले असावेत.

प्रौढ माणसाची हाडे आज साधारणतः २०६ मानली जातात. संहितेने दात व कूर्चाही हाडांत धरल्याने तिचा आकडा मोठा आहे. मात्र हाड, मांसपेशी, शीर किंवा सांधा यांच्यापेक्षा स्नायूची इजा अधिक घातक, हा तिचा निर्वाळा शस्त्रवैद्याच्या प्रत्यक्ष अनुभवातून आलेला वाटतो.