दुसरं टोक

जुन्या घरगुती कॉम्प्युटरला प्रिंटर जोडायचाय, केबल कुठे मिळेल, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कॉम्प्युटर कुठला? प्रिंटरचं नाव मला नको असतं. ऐंशीच्या दशकातला डॉट मॅट्रिक्स असेल, तर तो एप्सन असो, स्टार असो नाहीतर सिटिझन, त्याच्या पाठीला बहुधा तेच ३६ पिनांचं चपटं सॉकेट असतं, दोन बाजूंना तारेच्या कड्या असलेलं. प्रिंटरवाल्यांचं एकमत झालं. कॉम्प्युटरवाल्यांचं झालं नाही, आणि त्या न झालेल्या एकमतापायी माझ्यासारखी हौशी माणसं अजून शेगडा आणि मल्टिमीटर घेऊन बसतात.

प्रिंटरवाल्यांचं एकमतसुद्धा कुठल्या बैठकीत झालेलं नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या हडसन गावी सेंट्रॉनिक्स नावाची कंपनी होती, रॉबर्ट हॉवर्ड यांनी काढलेली, वांग लॅबोरेटरीज या कंपनीशी जुने लागेबांधे असलेली. १९७० मध्ये तिने मॉडेल १०१ हा प्रिंटर आणला आणि त्याला ॲम्फेनॉलचा ३६ पिनी कनेक्टर लावला. सांगतात ते असं, की वांगकडे कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले असे २०,००० कनेक्टर पडून होते आणि ते खपवायचे होते. मला ही गोष्ट पटते, कारण कामापुरतं बघितलं तर ३६ पिना लागतच नाहीत. अक्षर न्यायला आठ तारा, ‘घे’ म्हणायला एक स्ट्रोब, ‘घेतलं’ म्हणायला एक ॲक्नॉलेज, ‘थांब जरा’ म्हणायला एक बिझी. अकरांत भागतं. पण जागा भरपूर होती म्हणून १९ ते ३० या पिना ग्राउंडला दिल्या गेल्या, आणि समोरच्या १ ते १२ मधल्या प्रत्येक पिनेला परतीची स्वतःची तार मिळाली. शिळ्या मालातून झालेली ही सोय पुढे वीस-पंचवीस वर्षं जगाला पुरली.

मग १९८० साली एप्सनचा एमएक्स-८० आला आणि धो धो खपला. त्याला सेंट्रॉनिक्सचं सॉकेट होतं, म्हणून बाकीच्यांनीही तेच लावलं. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला तेव्हा त्याच्याबरोबर विकलेला प्रिंटरही मुळात एप्सनचाच, वर पाटी आयबीएमची. पीसीच्या बाजूला मात्र मॉनिटरच्या ९ पिनांशेजारी, कार्डाच्या अरुंद पट्टीत मावेल असा २५ पिनी डी-टाइप आला. एका टोकाला २५, दुसऱ्याला ३६, ही केबल आपल्याकडच्या कचेऱ्यांनी वर्षानुवर्षं पाहिली. या सगळ्याला आयईईई १२८४ हे रीतसर मानक मिळालं १९९४ मध्ये. वरातीमागून घोडं.

घरगुती कॉम्प्युटर बनवणाऱ्यांचा हिशेब निराळा होता. तिथे पेनी-पेनी वाचवायची होती. सॉकेट विकत घ्यायचंच कशाला? सर्किट बोर्डाची कड केसबाहेर काढा, तिच्यावर तांब्याच्या पट्ट्या ठेवा, झाला कनेक्टर. सिंक्लेअरने १९८१ मध्ये झेडएक्स प्रिंटर काढला तो अशाच कडेला खोचायचा. किंमत ४९.९५ पौंड. शाई नाही, रिबन नाही; चंदेरी मुलामा दिलेल्या अरुंद कागदावर ठिणगी पाडून मुलामा जाळायचा, की खालचा काळा रंग दिसतो. ओळीत ३२ अक्षरं. गंमत म्हणून ठीक, पत्र लिहायला निरुपयोगी. सिंक्लेअरच्याच स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवाल्याला खरा प्रिंटर हवा असेल तर केम्पस्टनसारख्या तिसऱ्याच कंपनीचा इंटरफेस घ्यावा लागे. आपल्याकडे १९८६ मध्ये डेसिबेल्सने स्पेक्ट्रम प्लस परवान्याखाली विकायला आणला, त्याच्या मालकांची तीच गत.

कमोडोरची कथा मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात केबलच खलनायक आहे. त्यांच्या ‘पेट’ कॉम्प्युटरला आयईईई ४८८ बस होती, प्रयोगशाळेतल्या उपकरणांची, भक्कम आणि महाग. जिम बटरफील्ड हे कमोडोर जगतातले मोठे जाणकार. त्यांनी सांगितलंय की पहिल्या पुरवठादाराची केबल संपली, दुसऱ्याकडे गेले, तिथलीही संपली. कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल वैतागले आणि ती बसच सोडून द्या म्हणाले. म्हणून व्हिक-२० आणि कमोडोर ६४ ला सहा पिनांची गोल डिन सॉकेटवाली सिरियल बस आली. केबल स्वस्त झाली, कुठेही मिळू लागली, पण ६५२२ चिपमधल्या एका दोषामुळे जे काम हार्डवेअरने करायचं ते सॉफ्टवेअरवर येऊन पडलं आणि सगळं गोगलगाय झालं. आठ तारांवरून एकदम जाणारं अक्षर आता एका तारेवरून एकेक बिट करत जाऊ लागलं. बाजारात केबल मिळेना म्हणून लाखो घरांतल्या कॉम्प्युटरांचा वेग ठरला!

ॲमस्ट्रॅडला मात्र मी माफ करत नाही. १९८४ चा त्यांचा सीपीसी ४६४ तसा गुणी, मॉनिटर बरोबरच यायचा. पण प्रिंटरच्या पोर्टला आठवी डेटा तारच नाही. तो बिट त्यांनी स्ट्रोबला वापरला आणि सात बिटांवर भागवलं. वर १४ नंबरची तार ग्राउंडला टेकवलेली. एप्सनला १४ नंबर ग्राउंड दिसला की तो प्रत्येक ओळीनंतर आपणहून कागद एक ओळ सरकवतो, कॉम्प्युटरही सरकवतो, म्हणजे छपाई एक ओळ सोडून एक. उपाय लोकांनीच शोधला, केबलमधली ती तार ब्लेडने कापायची. आज जुन्या बाजारात सीपीसीची केबल मिळाली आणि तिच्या मधोमध एक तार कापलेली दिसली तर ती खराब समजून टाकू नका.

माझा स्वतःचा संबंध आला तो बीबीसी मायक्रोशी. इंग्लंडमध्ये बीबीसीच्या कॉम्प्युटर साक्षरता उपक्रमासाठी केंब्रिजच्या ॲकॉर्न कंपनीने तो बनवला, १९८१ च्या डिसेंबरात. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने ‘क्लास’ नावाची शालेय योजना सुरू केली, पहिल्या फेरीत अडीचशेच्या आसपास शाळा निवडल्या, आणि यंत्र म्हणून हेच आलं. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवाना घेऊन ते ‘युनिकॉर्न’ नावाने इथेही काढलं. मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. खोलीला नवा पडदा लागला, दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला, आणि विज्ञानाच्या बाई म्हणून किल्ली माझ्याकडे आली.

बीबीसी उलटा करून पाहिला की पोटाखाली एका ओळीत चपट्या केबलींची सॉकेटं दिसतात : डिस्क ड्राइव्ह, प्रिंटर, यूजर पोर्ट, एक मेगाहर्ट्झ बस, ट्यूब. प्रिंटरचं २६ पिनी. आपल्या बाजारात या केबलीला एफआरसी म्हणतात, राखाडी पट्टा, एका कडेला लाल रेघ. ॲकॉर्नच्या इंजिनिअरांनी इथे जी अक्कल वापरली ती मला अजून कौतुकाची वाटते. ३६ पिनी सेंट्रॉनिक्स प्लगचा दाबून बसवायचा प्रकार घेतला, तर पट्ट्यातली पहिली तार १ नंबर पिनेवर बसते, दुसरी १९ वर, तिसरी २ वर, चौथी २० वर. विषम तारा वरच्या रांगेत, सम तारा खालच्या. ॲकॉर्नने आपल्या सॉकेटवर स्ट्रोब १ ला, आठ डेटा ३ पासून १७ पर्यंतच्या विषम पिनांना, ॲक्नॉलेज १९ ला आणि मधल्या सम पिना ग्राउंडला ठेवल्या. परिणाम असा की एकही तार सोलायची, ओलांडायची, डाग द्यायची गरज नाही. दोन्ही टोकांना प्लग दाबले की केबल तयार. सेंट्रॉनिक्सच्या बाजूला दहा जागा रिकाम्या राहतात, राहू द्यायच्या.

दाबायचं यंत्र नसेल तर शेगडा चालतो. पट्टा काटकोनात कापायचा, लाल रेघ पिन १ च्या त्रिकोणाकडे, प्लगच्या वर-खाली सपाट लाकडाचे तुकडे, आणि शेगडा हळूहळू, दोन्ही बाजू सारख्या खाली येतील असा आवळायचा. आतले दोन दाताळ्यांचे संपर्क प्लॅस्टिक चिरून तारेला धरतात तो ‘कर्र’ आवाज ऐकू येतो. पट्टा तिरका कापला गेला तर कापलेल्या कडेशी तारेचा एखादा केस बाहेर राहतो आणि शेजारणीला चिकटतो.

असा एक केस आमच्या शाळेच्या केबलीत होता. केबल यंत्राबरोबर आलेली. साधी इंग्रजी यादी छापून यायची, कुणाला काही संशय नव्हता. मग मुलांना देवनागरीचा नाद लागला. बीबीसीवर व्हीडीयू २३ ही आज्ञा देऊन आठ बाय आठ ठिपक्यांचं हवं ते अक्षर घडवता येतं. पोरांनी चौकटीच्या वह्यांवर क, म, ल काढले. शिरोरेखा सगळ्यांत वरच्या ओळीत, म्हणजे अक्षरं शेजारी ठेवली की रेघ आपोआप जुळते. पडद्यावर नावं झकास दिसली. छापायला पडद्यावरचा ठिपका न् ठिपका वाचून प्रिंटरला चित्र म्हणून पाठवावा लागे. मोड ४ मध्ये ३२० गुणिले २५६, म्हणजे ८१,९२० ठिपके, तेही बेसिकमध्ये. एक पान निघेपर्यंत मधली सुट्टी संपायची.

कागद बाहेर आला तो बिनशिरोरेखेचा. एक पोरगा म्हणाला, “बाई, हे गुजराती झालं.”

प्रोग्रॅम तपासला, बरोबर. प्रिंटरचं डोकं साफ केलं, इंग्रजी अक्षरं पूर्ण. तेव्हा आमच्या एप्सन प्रिंटरची पुस्तिका उघडली. चित्राच्या पद्धतीत एका बाइटचे आठ बिट म्हणजे उभे आठ ठिपके, आणि सगळ्यांत वरचा ठिपका आठव्या बिटाचा. आठवा बिट येतो सेंट्रॉनिक्सच्या ९ नंबर पिनेवर, पट्ट्यातल्या सतराव्या तारेतून. तिच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड. मल्टिमीटर लावला तर सतरा आणि अठरा बीप करत होत्या. आठवी तार कायमची शून्य. इंग्रजी अक्षरांचे कोड १२८ च्या आत असल्याने त्यांना त्या तारेची गरजच नव्हती. म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. रुंदी ३२० होती म्हणूनही निभावलं, कारण ती प्रिंटरला ६४ आणि १ अशा दोन आकड्यांत सांगतात, दोन्ही लहान. ॲमस्ट्रॅडवाल्यांना कंपनीनेच जे दिलं होतं ते आमच्याकडे एका तारेच्या केसाने केलं. प्लग उचकटून नवा दाबला. शिरोरेखा आली, आणि पोरांनी सबंध वर्गाची नावं छापली.

आता नवी केबल हवी असेल तर? मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची बुधवार पेठेतली दुकानं. २६ पिनी एफआरसी आणि तिचा प्लग अजून सहज मिळतो, कारण तो कुठल्या कुठल्या यंत्रांत लागतो. अडतं ते प्रिंटरच्या बाजूला. ज्या टोकाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं, त्याचा दाबायचा प्रकार आता मिळेनासा झालाय. डाग द्यायचा मिळतो, पण त्यात पट्ट्याच्या तारा एकेक सोलत बसा. “सेंट्रॉनिक्स अब कौन पूछता है,” असं लॅमिंग्टन रोडवरचे एक काका म्हणाले आणि माळ्यावरून धूळ खाल्लेली पीसीची जुनी प्रिंटर केबल काढून दिली, २५ पिनी टोकाची. अशा केबली कचेऱ्यांच्या भंगारात खंडीभर आहेत.

तिच्यावर भागवता येतं. एफआरसीचा वीतभर तुकडा घ्यायचा, एका टोकाला २६ पिनी प्लग, दुसऱ्याला दाबायचा २५ पिनी फीमेल डी-टाइप, सव्विसावी तार सोलून बाजूला. डेटा आणि ॲक्नॉलेज आपोआप जागेवर पडतात. भानगड सम तारांची आहे. बीबीसीकडे त्या ग्राउंड, पण २५ पिनी बाजूला दुसरी तार जाते १४ वर, चौथी १५ वर, सहावी १६ वर. पंधरा नंबर म्हणजे प्रिंटरचा एरर सिग्नल, त्याला ग्राउंडला बांधू नये. सोळा नंबर म्हणजे इनिट. तो ग्राउंडला गेला की प्रिंटर कायम रिसेट होत बसतो, दिवा लागतो आणि पुढे काही नाही. म्हणून चौथी आणि सहावी तार ब्लेडने कापायची. आठवी १७ वर जाते, ती राहू द्या, तिने प्रिंटर निवडलेला राहतो.

दुसरी तारही राहू द्या. बीबीसी मुळातच प्रिंटरला कागद सरकवायचा कोड पाठवत नाही, ‘*एफएक्स ६’ ही आज्ञा देऊन तो चालू करावा लागतो, नाहीतर सगळ्या ओळी एकावर एक छापल्या जातात. १४ नंबर ग्राउंड असला की ते काम प्रिंटरच करतो, डिप स्विचलाही हात लावावा लागत नाही. सीपीसीवाले जी तार कापत होते, ती इथे उपयोगाची आहे.