बेट्टी विल्सन : एका अष्टपैलूची कारकीर्द

१९८० सालच्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. तो दोन कारणांनी लोकांच्या लक्षात राहिला. एक कारण सूर्यग्रहण. त्यासाठी पहिल्या दिवसाच्या खेळानंतर लगेच विश्रांतीचा दिवस ठेवावा लागला होता. दुसरे कारण इंग्लंडचा इयन बॉथम. त्याने ११४ धावा काढल्या आणि दोन्ही डावांत मिळून तेरा गडी बाद केले. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी ही करामत त्याच्या आधी कोणत्याही पुरुषाला साधली नव्हती. क्रिकेटच्या इतिहासातील ही पहिलीच घटना, असे त्या पराक्रमाचे वर्णन अनेकदा केले जाते. इतिहासाचा विद्यार्थी येथे थोडा थबकतो आणि विचारतो : क्रिकेटच्या इतिहासातील, की पुरुषांच्या क्रिकेटच्या इतिहासातील? कारण हीच करामत त्यापूर्वी बावीस वर्षे मेलबर्न शहरात एका स्त्रीने करून दाखविली होती. त्या बेट्टी विल्सन यांच्या कारकिर्दीचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

विल्सनबाईंचा जन्म १९२१ च्या नोव्हेंबरात मेलबर्नमध्ये झाला. कॉलिंगवुड ही तिथली कष्टकऱ्यांची वस्ती. तिथे त्या वाढल्या. कपडे वाळत घालायच्या दोरीला एक मोजा टांगायचा, त्यात चेंडू घालायचा आणि तो झुलता चेंडू बॅटीने टोलवीत राहायचे, हा त्यांचा घरचा सराव. दहाव्या वर्षी त्या कॉलिंगवुडच्या महिला क्लबात दाखल झाल्या आणि सोळाव्या वर्षी व्हिक्टोरिया राज्याच्या संघात आल्या. स्त्रियांचे कसोटी क्रिकेट तेव्हा अगदी कोवळे होते. पहिला सामना १९३४ च्या डिसेंबरात ब्रिस्बेनला झालेला. पुढे महायुद्ध आले, आणि १९३७ नंतर १९४८ पर्यंत स्त्रियांची एकही कसोटी झाली नाही. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे युद्धाने अशी गिळून टाकली. पहिल्या कसोटीसाठी विल्सनबाई मैदानात उतरल्या तेव्हा त्यांना सव्वीस वर्षे पुरी झाली होती.

हे पदार्पण न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे झाले. त्यात त्यांनी ९० धावा काढल्या आणि ऑफ ब्रेक फिरकीवर पहिल्या डावात चार व दुसऱ्या डावात सहा, असे दहा गडी बाद केले. शतकाला दहा धावा कमी पडल्या! पुढल्याच वर्षी, १९४९ च्या जानेवारीत, इंग्लंडचा संघ अॅडलेडला खेळला. तिथे विल्सनबाईंनी १११ धावा केल्या आणि नऊ बळी घेतले. या खेपेला शतक झाले, पण एक बळी कमी पडला! १९५१ साली त्या इंग्लंडच्या दौऱ्यावर गेल्या आणि दौरा संपल्यावर आणखी काही काळ तिथेच राहिल्या.

आता १९५८ च्या फेब्रुवारीकडे वळू. मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातील जंक्शन ओव्हल हे मैदान. समोर पुन्हा इंग्लंड. पहिला दिवस पावसाने धुऊन नेला. भिजलेली खेळपट्टी वाळू लागली म्हणजे चेंडू तिला चिकटून उसळतो, कधी अंगावर येतो, कधी एकाएकी वळतो. ऑस्ट्रेलियाचा सगळा डाव ३८ धावांत आटोपला. इंग्लंडच्या मेरी डगन यांनी अवघ्या सहा धावांत सात बळी घेतले. या ३८ धावांतील सर्वाधिक, म्हणजे १२, विल्सनबाईंच्या होत्या. एवढी धावसंख्या पाहून इंग्लंडच्या गोटात हर्ष झाला असेल, तर तो फार वेळ टिकला नाही. विल्सनबाईंनी चेंडू हाती घेतला आणि सात धावांत सात गडी टिपले. स्त्रियांच्या कसोटीतील पहिली हॅट्ट्रिक याच डावात झाली. इंग्लंड सर्वबाद ३५.

दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाने ९ बाद २०२ वर डाव सोडला. त्यांपैकी बरोबर १०० धावा विल्सनबाईंच्या. म्हणजे संघाच्या जवळजवळ निम्म्या! मग पुन्हा गोलंदाजी, आणि नऊ धावांत चार बळी. सामन्यात मिळून १६ धावांत अकरा! इंग्लंडची अवस्था ८ बाद ७६ झाली आणि वेळ संपली. सामना अनिर्णित राहिला.

खेळपट्टीच तशी होती, बळी स्वस्तात मिळाले, असा आक्षेप यावर घेता येईल. आक्षेप रास्त आहे. परंतु तो अर्ध्या हिशेबावर आधारलेला आहे. ज्या सामन्यात इंग्लंडला दोन्ही डाव मिळून १११ च धावा करता आल्या, त्याच सामन्यात एका व्यक्तीने एकटीने ११२ केल्या. खेळपट्टीने गोलंदाज विल्सन यांना हात दिला असेल, तर फलंदाज विल्सन यांच्या वाटेत तिने काटेच पेरले होते.

या मालिकेनंतर त्यांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. दहा वर्षांत सामने अकरा. धावा ८६२, सरासरी ५७.४६, तीन शतके, बळी ६८, प्रत्येकी बारा धावांहूनही कमी मोल देऊन घेतलेले. फलंदाजीची व गोलंदाजीची सरासरी एकाच वेळी अशी असणे हे अष्टपैलूंच्या मालिकेत अत्यंत दुर्मीळ होय. ऑस्ट्रेलियात त्यांना स्त्रियांमधील ब्रॅडमन म्हणत. त्या उपमेत गौरव आहे खरा; पण ब्रॅडमनने कधी सात धावांत सात गडी बाद केले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे!

मग हे नाव आपल्या कानांवर का आले नाही? आमच्या मते याचे उत्तर त्या 'अकरा' या आकड्यात आहे. बॉथमला पंधरा वर्षांत १०२ कसोट्या मिळाल्या. विल्सनबाईंना दहा वर्षांत अकरा. स्त्रियांचे क्रिकेट हौसेवर चालले होते. खेळाने पोट भरत नव्हते, उलट खेळापायी पदरमोड करावी लागे. विक्रम घडायला गुण लागतो, पण तो जगाला दिसायला व्यवस्था लागते : सामने लागतात, वृत्तान्त लागतात, नोंदी जपणारे हात लागतात. १९७९ साली बर्मिंगहॅमला इंग्लंडच्या एनिड बेकवेल यांनीही वेस्ट इंडीजविरुद्ध शतक व दहा बळी हा दुहेरी पराक्रम केला होता. म्हणजे वानखेडेवरचा बॉथम या पंक्तीत तिसरा ठरतो. त्याच्या पराक्रमाला याने रतिभर उणेपणा येत नाही. पंक्तीचा क्रम मात्र नीट लागतो.

मायदेशाने विल्सनबाईंची आठवण उशिरा का होईना, ठेवली. १९८५ साली ऑस्ट्रेलियाच्या क्रीडा गौरवदालनात त्यांना स्थान मिळाले. २०१० च्या जानेवारीत, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्या निवर्तल्या. त्यानंतर २०१५ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यांना आपल्या गौरवदालनात घेतले. तो मान पाहायला त्या नव्हत्या.

या कथेत आपल्यालाही घेण्यासारखे काही आहे. भारतातील स्त्रियांची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ साली आपल्या पुण्यात भरली, आणि तिच्यात संघ होते अवघे तीन. नियामक मंडळाने स्त्रियांचे क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतले ते २००६ साली. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दीप्ती शर्मा हिने ५८ धावा आणि पाच बळी अशी अष्टपैलू कामगिरी केली, तेव्हा तुडुंब भरलेले मैदान ती पाहत होते आणि घराघरांत ती दिसत होती. त्या आनंदात आपण सारे सहभागी झालो. पण ज्यांचा खेळ पाहायला असे डोळे नव्हते, त्यांचाही हिशेब वहीत बिनचूक मांडणे हे इतिहासाचे काम आहे. त्या वहीत १९५८ सालच्या पानावर पहिले नाव बेट्टी विल्सन यांचे आहे. ते तिथून कोणी हलवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.